बसायला कारण लागतं

मागं एका लेखन-शिबिरात एका जाणत्या कवीनं आम्हाला सांगितलं होतं, "घरात बसून साहित्य होत नाही. बाहेर पडा. निसर्गाच्या सान्निध्यात जा, नदीकाठी बसा." शिबिर पुण्यात होतं. आम्ही बायका तिघीच. मी मान डोलावली, वहीत लिहूनही घेतलं. परत येताना एसटीत मनात आलं, नदीकाठी बसा म्हणाले, पण बसलेलं कुणी पाहिलं तर काय सांगायचं, ते काही सांगितलं नाही.

माझं माहेर इंदापूर, सासर बारामती आणि नोकरी या दोन गावांच्या मध्ये, लासुर्ण्याच्या अलीकडं एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत. दोन गावांत अंतर पन्नासएक किलोमीटर. माझं जे काही थोडंफार लिखाण झालं, चौदा कथा आणि काही लेख, ते सगळं या पन्नास किलोमीटरच्या आत झालं. आणि त्यातलं घरात बसून लिहिलेलं जवळजवळ काही नाही.

घरात का नाही, याचं उत्तर सोपं आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. दोन खोल्या आणि माणसं आठ. सासूबाई, सासरे, दोन दीर, आम्ही दोघं, दोन मुलं. रात्री इशाची नमाज झाली की अंथरुणं पडायची आणि दिवा कुणाच्या तरी डोळ्यावर यायचा. वही तांदळाच्या डब्यामागं असायची. कुणी मना केलं नव्हतं, हे इथं सांगायला हवं. मुलांचे अब्बा तर कौतुकानं म्हणायचे, "लिही की, कोण नको म्हणतंय?" पण 'कोण नको म्हणतंय' म्हणणं वेगळं आणि दिवा चालू ठेवणं वेगळं.

दुसरं कारण उशिरा कळलं. आमच्या घरात सगळं दखनीत. भांडण दखनीत, लाड दखनीत, दुआ आणि शिव्याही दखनीत. मराठी उंबऱ्याबाहेरची; शाळेतली, बाजारातली, तलाठी कचेरीतली. मी लिहिणार मराठीत. वहीत 'आई म्हणाली' असं लिहावं आणि नेमकी त्याच वेळी आतून हाक यावी, "छोटी, दूध देख गे!" की ती वहीतली आई एकदम खोटी वाटायला लागायची. माहेरी तर फारच. माझी आई कधी 'म्हणाली' नाहीच, ती 'बोली'. घरात बसून घराबद्दल लिहिताना माझी मराठी लाजायची. ती बाहेर पडली की मोकळी व्हायची, आणि गंमत अशी की मग घरच जास्त नीट दिसायचं.

1990 साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. मी पेपरात बातमी वाचली, कात्रण काढून ठेवलं. तोवर मला वाटत होतं, घरी दखनी बोलून मराठीत लिहिणं हा माझा एकटीचाच वेडेपणा आहे. हॉलभर माणसं तसं करतात हे कळल्यावर धीर आला. पण धीर आला म्हणून जागा मिळत नाही. जागा शोधावी लागली.

शोधायला लागल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की बाईला कुठंही बसायला कारण लागतं. पुरुष चहाच्या टपरीवर बसतो, पारावर बसतो, गॅरेजच्या दारात टायरवर बसतो. त्याला कुणी विचारत नाही. माझे भाऊ जोहरच्या नमाजनंतर मशिदीतच पंख्याखाली आडवे व्हायचे, असरपर्यंत. तिथला गारवा, ती शांतता मी त्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. एक भाऊ कॉलेजचा अभ्यासही तिथंच करायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. अल्लाच्या घराचा नाही, पंख्याखालच्या त्या दोन तासांचा. बाई मात्र बसली की दिसते. दिसली की प्रश्न येतो, "का गं, बरं नाही का?" नाहीतर, "कुणाची वाट बघतेस?" आजार किंवा वाट बघणं, एवढीच दोन कारणं.

बारामतीत राहून लिहायचं म्हटलं की कुणीतरी मोरोपंतांचं नाव काढतंच. मीही वर्गात काढत आले. पन्हाळ्याला 1729 साली जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत आला, इथं पुराण सांगितलं, आर्यांवर आर्या रचल्या, एकशेआठ रामायणं लिहिली, 'केकावली' लिहिली आणि 1794 साली इथंच गेला. नाईकांचा वाडा कऱ्हेकाठी आहे. मुलांना घेऊन मी तिथं गेले होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, एकशेआठ कशाला? एक पुरं नाही का?" मी हसून सोडलं, पण मनात म्हटलं, ज्याला बसायला वाडा आणि जेवायला आश्रयदाता, तो एकशेआठ लिहील नाहीतर काय. हे मत्सरानं म्हणतेय हे मला कळतं. पंतांचं कष्टाळूपण खोटं नव्हे. पण लेखकाच्या चरित्रात त्याला जेवायला कोण वाढत होतं हे लिहीत नाहीत, ते लिहायला पाहिजे.

कवीमहाशयांचा सल्ला मी एकदा पाळूनही पाहिला. भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. आता तिथं मुंबई-पुण्याची माणसं मोठाल्या कॅमेऱ्यांनी येतात. तेव्हा इतकी नव्हती. शाळेची सहल होती. पहाटे धुकं, त्या धुक्यात शेकडो गुलाबी पक्षी एका पायावर उभे. फार सुंदर. मी वही काढली, पेन काढलं आणि एक ओळ सुचली नाही. चाळीस मुलं मोजायची होती. शिवाय इतक्या सुंदर गोष्टीपुढं माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. तिचं तिनंच सगळं सांगून टाकलं होतं. एका मुलानं मात्र सहलीच्या निबंधात लिहिलं, 'पक्षी लांबून आलेत तरी त्यांना कुणी तुम्ही कुठले विचारत नाही.' मी त्याला दहापैकी नऊ दिले. तो मुलगा ऊसतोडीवाल्यांचा होता.

माझी खरी जागा निघाली ती एसटी. एसटी स्टँडवर बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. ती गाडीची वाट बघतेय हे कारण तिच्या कपाळावरच लिहिलेलं असतं. बारामतीच्या जुन्या स्टँडवर इंदापूरच्या फलाटासमोर एक सिमेंटचा बाक होता, एका टोकाला तुटलेला. सकाळची गाडी सव्वासातची. मी साडेसहाला जायला लागले. घरी सांगितलं, "गर्दी असते, जागा मिळत नाही." पाऊण तास माझा. संध्याकाळी लासुर्ण्याच्या थांब्यावर मुद्दाम एक गाडी सोडायची. गाडी सोडणं हा माझा एकमेव गुन्हा, आणि तो मी वीस-पंचवीस वर्षं केला.

गाडीतही लिहायची. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी. गचके बसायचे, अक्षर बेलवाडीला वेगळं आणि लासुर्ण्याला वेगळं. अजून जुन्या वह्या काढल्या की कुठलं वाक्य कुठल्या खड्ड्यात लिहिलं ते ओळखू येतं. हंगामात भवानीनगरला छत्रपती कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत यायचा. उसाच्या बैलगाड्या रस्ता अडवायच्या. आणि गाडी थांबली की माझा हात चालायचा. बायका शेजारी बसायच्या. "काय लिवताय बाई?" "मुलांचे निबंध तपासतेय." हेही कारणच. शिक्षिकेच्या मांडीवर वही असणं ही जगातली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट. त्या बायका मग मला विसरून एकमेकींशी बोलायच्या आणि मी 'निबंध' तपासत त्यांचं बोलणं उतरून घ्यायची. माझ्या कथांतली निम्मी मराठी त्यांची आहे. त्यांना ठाऊक नाही. या चोरीबद्दल पुढं लिहिणारच आहे.

आता तो बाक नाही. जुना स्टँड गेला, 2024 साली नवं मोठं बसस्थानक सुरू झालं. 2023च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं, माझ्यासारख्या कितीजणी घराबाहेर पडल्या. फक्त गाडीत बसायला जागा मिळत नाही, हे मी घरी खोटं सांगायची ते आता खरं झालंय.

या रस्त्याची आणखी एक आठवण सांगायला हवी. इंदापूरच्या स्टँडसमोर अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. मी पाच वर्षांची असेन. अब्बा दुकान लवकर बंद करून घरी आले, जेवले नाहीत. 29 ऑगस्ट 1969. शाहीर अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले होते. अब्बांनी त्यांना एकदा मैदानात ऐकलेलं. बार्शीचे हे मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते, मग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. अब्बा सांगायचे, "उनकी अम्मा ओव्या गायची. मुनेरबी. मुसलमान बाई जात्यावर मराठी ओव्या." मोठी झाल्यावर मी त्यांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' वाचले. लिहायला टेबल लागतं हे ज्यांना माहीतच नव्हतं, त्या माणसाच्या या कविता. जात्यापाशी शिकला, मोटारीवर राबला, रस्त्यावर गायला आणि शेवटही रस्त्यावरच. सोलापूर रस्त्यानं जाताना मी अजून त्यांच्यासाठी मनातल्या मनात फातिहा पढते. नेमकी जागा मला माहीत नाही, म्हणून इंदापूर येईपर्यंत पढत राहते.

आता दर्गा. इंदापूरला चाँदशाहवली बाबांचा दर्गा आहे आणि त्याला लागून मालोजीराजांची गढी. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. हेच मालोजीराजे, ज्यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यात मठ बांधून दिला असं परंपरा सांगते. 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या त्या शेख महंमदांना, आपल्या सगळ्यांच्या थोरल्या लेखकाला. मला नेहमी वाटतं, मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला बसायला जागा करून देणारा माणूस आमच्या गावच्या मातीत पडला. मग मला इथं एक कोपरा का मिळू नये?

मिळाला. जुम्मेरातीला बायका येतात, अगरबत्ती लावतात, मन्नत मागतात, सावलीला टेकतात. तासभर बसलं तरी कुणी विचारत नाही. जितकं जास्त बसावं तितका जास्त मान, कारण तितकं मोठं दुःख असं लोक समजतात. आठवड्यातून एकदा शाळेतून थेट इंदापूरला उतरायचं, अम्मीला भेटायचं आणि आपाला घेऊन दर्ग्यात जायचं, असा माझा शिरस्ता झाला.

आपा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिचा तलाक 1986च्या फेब्रुवारीत झाला. पत्रानं. दोन मुली घेऊन ती घरी आली. शहाबानोच्या निकालाची चर्चा तेव्हा घरोघर होती, अब्बांनीही वकील गाठला होता. मे महिन्यात दिल्लीत नवा कायदा झाला आणि वकील म्हणाले, आता जरा थांबून बघू. ते थांबणं मग कायमचं झालं. आपानं शिलाई मशीन घेतलं. घरात ती रडत नसे. मुली बघतील, अम्मीला त्रास होईल, भावजयीला वाटेल आपल्याला सुनावतेय. ती दर्ग्यात येऊन रडायची. रडायची म्हणजे आवाज नाही; ओढणी तोंडावर ओढून बसायची आणि मधूनमधून एखादं वाक्य बोलायची, बाबांना किंवा मला, किंवा कुणालाच नाही. मी शेजारी बसलेली असायची. माझ्या मांडीवर मुलांच्या निबंधाच्या वह्या असायच्या आणि त्यांच्या मध्ये माझी वही.

1997 साली माझी एक कथा एका दिवाळी अंकात आली. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं. तीन पत्रं आली, एक लातूरहून. एका समीक्षकानं 'अस्सल अनुभव' असा शब्द वापरला. मी आठवडाभर तरंगत होते. भावाच्या कचेरीतल्या कुणीतरी अंक वाचला आणि भावाला विचारलं, "हे तुमच्या बहिणीचंच ना?" भाऊ माझ्यावर चिडला, ते अपेक्षित होतं. अम्मी गप्प राहिली. आपानं अंक मागून घेतला. ती उर्दू शाळेत शिकलेली, मराठी वाचायची पण बोट ठेवून, सावकाश. तिला ती कथा वाचायला दोन दिवस लागले असं भाचीनं सांगितलं.

पुढच्या जुम्मेरातीला मी नेहमीप्रमाणं दर्ग्यात जायला निघाले. आपा मशीनवरून उठली नाही. पायाखालची पट्टी चालू ठेवूनच म्हणाली, "मैं वहां रोने कू जाती थी गे छोटी. तू लिखने कू जाती थी."

बास, एवढंच. नंतर भांडण नाही, अबोला नाही. ईदला शिरखुर्मा तिच्याच हातचा, माझ्या मुलींचे फ्रॉक तिनंच शिवले. पण त्यानंतर सत्तावीस वर्षं ती माझ्यासमोर आपलं असं काही बोलली नाही. शिलाईचे भाव, मुलींची लग्नं, गुडघ्याचं दुखणं, सगळं बोलायची. ते बोलायची नाही.

मी बरेच दिवस स्वतःशी वाद घातला. मी तिचं दुःख लपवून ठेवायला हवं होतं का? अशा किती बायकांना त्या कथेत आपली गोष्ट दिसली असेल? लातूरच्या पत्रातली बाई तर म्हणाली होती की तिनं कथा आपल्या भावाला वाचायला दिली. हे सगळे मुद्दे खरे आहेत, आणि मी ते परिसंवादात मांडलेही आहेत, टाळ्याही मिळाल्या. पण आपानं कथेबद्दल तक्रार केलीच नव्हती. तिची तक्रार जागेची होती. अख्ख्या गावात तिला रडायला एक जागा होती, आणि मला लिहायला जागा हवी म्हणून मी तिच्या जागेत जाऊन बसले. तिला वाटत होतं आम्ही दोघी एकाच कारणानं तिथं बसलोय.

हा लेख मी तिला वाचून दाखवून मगच पाठवते आहे. तिनं दोन ठिकाणी बदल सांगितले, ते केले. तलाकचा महिना मी चुकीचा लिहिला होता.

दर्ग्यात मी त्यानंतरही जाते. वही नेत नाही.

मग मी कालव्यावर जायला लागले. नीरा डावा कालवा बारामतीतून जातो. इंग्रजांच्या काळात काढलेला, आमच्या भागातला ऊस त्याच्यावरच उभा. आवर्तन सुटलं की कालवा भरून वाहतो आणि बायका धुणं घेऊन येतात. मीही गोधड्या घेऊन जायची. गोधडी वाळायला तीन तास लागतात. तोवर राखण करायची म्हणजे बसायचंच! सासूबाई म्हणायच्या, "इतक्या वेळा गोधड्या धुतात होय गं?" आमच्या घरच्या गोधड्या त्या काळात फार स्वच्छ होत्या. आता शहरातल्या भागात कालव्याकडेनं फिरायला वाट झाली आहे. तीन हत्ती चौकाच्या बाजूला संध्याकाळी बायका बूट घालून चालतात, बसतात, हसतात. कुणी कारण विचारत नाही. 'फिरायला' हेच कारण झालंय. मी बसून बघते. लिहायचं कमी झालंय, ते वयानं असेल.

आणि पालखीचा दिवस. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्याचं, मग निमगाव केतकीहून इंदापूर. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर कुणीही कुठंही बसावं. बांधावर, दुकानाच्या पायरीवर, पुलाच्या कठड्यावर, दिवसभर. देहूहून निघाल्यावर या पालखीची पहिली अभंगआरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. मुलांना ते खरं वाटत नाही, मोठ्यांना तर त्याहून नाही. एकदा बेलवाडीच्या रस्त्यावर लिहीत बसले होते. एक म्हातारी वारकरीण शेजारी टेकली, माझ्या डोक्यावरची ओढणी बघितली, वही बघितली आणि म्हणाली, "लिव बाई लिव. मला येत न्हाई." मग पाय चेपत बसली. ती उठून जाईपर्यंत मी एक अक्षर लिहिलं नाही. आपाच्या त्या वाक्यानंतरची ही गोष्ट आहे. तिचे पाय दुखत होते आणि मला त्यांचं वर्णन सुचत होतं, म्हणून पेन मिटलं.

2024च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं. साठा उणेत गेला आणि जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर आलं. आमचं आजोळ तिथलं. नाना पिंजारी होते. धरण 1980 साली पुरं झालं. त्याच्या आधीच गाव उठलं. नवं पळसदेव हायवेला वसलं, नाना मात्र इंदापूरला आमच्याकडं आले आणि दोन वर्षांत गेले. त्यांचं घर मी बघितलेलं, पण मला फक्त ओटा आठवतो. आपाला सगळं आठवतं.

टीव्हीवर देऊळ दाखवलं तसा तिचा फोन आला, "चल गे." मी निवृत्त, तिचे गुडघे गेलेले. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. त्याच महिन्यात कुगाव ते कळाशी येणारी बोट वादळात उलटून सहा माणसं गेली होती, त्यामुळं भाची म्हणत होती पाण्याकडं जाऊच नका. पण जिथं जायचं होतं तिथं पाणी उरलंच नव्हतं. काठापर्यंत रिक्षा नेली, पुढं चालत. भेगाळलेला गाळ, पायाखाली शिंपले करकरत होते. देवळापाशी बरीच माणसं, फोटो काढत होती. आपा देवळाजवळ थांबली, तोंड फिरवलं आणि मोजायला लागली. देवळापासून किती पावलं, मग कुठं वळायचं. मला नुसते दगड दिसत होते. ती एका ठिकाणी उभी राहिली, काठीनं गाळ उकरला, चौथऱ्याची एक घडीव कड दिसली. त्याच्यावर ओढणी झटकून ती बसली.

फोटो काढणाऱ्यांतला एक पोरगा जवळ आला. भला होता, पाण्याची बाटली पुढं केली. म्हणाला, "आजी, हितं उन्हात कशाला बसलाय? बरं वाटत नाही का?"

आपा म्हणाली, "घर हाय माझं."

पोरगा गेला. मी तिच्या शेजारी बसले. बराच वेळ दोघी गप्प होतो. वारा नव्हता. मग ती म्हणाली की नानांच्या पिंजणीची तात वाजायची ना, ती पहाटे आधी वाजायची आणि अजान नंतर व्हायची. तिला लहानपणी वाटायचं तातीचा आवाज ऐकूनच मुल्लाजी उठतात. असं म्हणून थांबली. माझ्या खांद्याच्या पिशवीकडं बघितलं.

"वही लाई क्या गे?"

"नै."

"अच्छा हुआ," आपा म्हणाली. "सुन अब."